लंडन मोठे की पॅरिस?

लंडन मोठे की पॅरिस, या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड नाही असे आपल्याला वाटते. एखादे माहितीपुस्तक उघडावे, दोन आकडे शेजारी शेजारी मांडावेत आणि मोकळे व्हावे. भूगोल शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. वर्गात हा प्रश्न मी जवळजवळ दरवर्षी घालत असे. विद्यार्थी दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येत. कुणी म्हणे, लंडन चौपट मोठे. कुणी म्हणे, दोन्ही जवळजवळ सारखी. कुणी म्हणे, पॅरिसच थोडे मोठे. आणि गंमत म्हणजे यांपैकी एकाचेही उत्तर चूक नसे. असे का होते, आणि या आकड्यांच्या घोळामुळे तिथे राहणाऱ्या माणसांचे काय होते, ते आज आपण पाहू.

सुरुवात सरळ हिशेबापासून करू. ‘लंडन’ म्हणून आज जे ओळखले जाते ते ग्रेटर लंडन, म्हणजे ३२ बरो आणि मधोमध असलेली जुनी ‘सिटी ऑफ लंडन’. याचे क्षेत्रफळ सुमारे १५७२ चौरस किलोमीटर. २०२१ साली इंग्लंडमध्ये जनगणना झाली तेव्हा इथे सुमारे ८८ लाख माणसे राहत होती. पॅरिस नगरीचे क्षेत्रफळ अवघे १०५ चौरस किलोमीटर आहे आणि त्याच साली तिची लोकसंख्या होती सुमारे २१ लाख ३३ हजार. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने लंडन पॅरिसच्या पंधरापट, आणि माणसांच्या हिशेबाने चौपट. पॅरिसच्या उत्तर वेशीपासून दक्षिण वेशीपर्यंत दहा किलोमीटरही अंतर नाही. सराईत चालणारा माणूस ते दोन तासांत तोडील. लंडनच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत पन्नासहून अधिक किलोमीटर जावे लागते.

या दोन जोड्यांतून तिसरा आकडा निघतो तो घनतेचा. लंडनमध्ये एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ५६०० माणसे राहतात, तर पॅरिसमध्ये २०,००० हून अधिक. पॅरिसमध्ये बुलोन आणि वँसेन अशी दोन मोठी वने शहराच्या हद्दीत धरलेली आहेत. ती वगळली तर शहर उरते ८७ चौरस किलोमीटरचे आणि घनता जाते २४,००० च्या वर. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण पॅरिसच्या हद्दीत गगनचुंबी इमारती फारशा नाहीत. पण दाटी ही केवळ उंचीवर अवलंबून नसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ओसमान यांच्या देखरेखीखाली पॅरिसची जी पुनर्रचना झाली, तिच्यात सहा-सात मजल्यांच्या इमारती एकमेकींना चिकटून, रस्त्याच्या कडेला सलग उभ्या राहिल्या. मागे जागा सोडलेली ती एखाद्या लहानशा चौकापुरती. लंडन वाढले ते दोन-तीन मजली ओळीच्या घरांनी, आणि बहुतेक घरांच्या मागे बाग. शिवाय मोठमोठी उद्याने, खेळाची मैदाने, मोकळी माळराने. ग्रेटर लंडनची जवळपास निम्मी जमीन हिरवळीखाली आणि पाण्याखाली आहे. घरे उंच नाहीत तरी पॅरिस दाट, आणि लंडन विरळ, ते यामुळे.

इथपर्यंत ठीक. पण आता एक बारकी शंका काढू. पॅरिसची १०५ चौरस किलोमीटरची वेस कुठून जाते? ती साधारणपणे ‘पेरिफेरिक’ या ३५ किलोमीटर लांबीच्या वर्तुळाकार द्रुतगती रस्त्याच्या आसपास जाते. या रस्त्याच्या आत पॅरिस, बाहेर पॅरिस नाही. मग बाहेर काय आहे? ला देफाँस नावाचा उंच मनोऱ्यांचा भाग, जिथे फ्रान्समधील मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत, तो बाहेर आहे. १९९८ साली फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला ते स्टेडियम सँ-दनी या वेगळ्या गावात आहे. शार्ल द गोल आणि ओर्ली हे दोन्ही विमानतळ बाहेर आहेत. २०२४ चे ऑलिंपिक ‘पॅरिस ऑलिंपिक’ म्हणून गाजले, पण खेळाडूंचे निवासग्राम पॅरिस नगरीच्या हद्दीत नव्हते. याउलट हीथ्रो विमानतळ, वेम्बलीचे फुटबॉलचे मैदान, विम्बल्डनची टेनिस कोर्टे हे सगळे ग्रेटर लंडनच्या आत येते. म्हणजे आपण जी तुलना केली ती एका शहराच्या गाभ्याची आणि दुसऱ्या शहराच्या संपूर्ण पसाऱ्याची झाली. अशी तुलना करायची तर लंडनचाही गाभा घ्यायला हवा. तो म्हणजे ‘इनर लंडन’: ३१९ चौरस किलोमीटर, आणि २०२१ मध्ये सुमारे ३४ लाख माणसे. चौपटीचे अंतर लगेच दीडपटीवर आले.

आता हद्दी बाजूला ठेवून दुसऱ्या रीतीने मोजून पाहू. समजा आपण रात्री विमानातून खाली पाहतो आहोत. खाली नगरपालिकेची वेस दिसत नाही. दिसतात ते दिवे. दिवे सलग असतील तिथवर शहर, असे धरले तर? आकडेशास्त्रज्ञ साधारण हेच करतात. घरांमध्ये २०० मीटरपेक्षा मोठा खंड पडला नाही तर वस्ती सलग मानायची, असा दंडक दोन्ही देशांत वापरला गेला आहे. या रीतीने २०११ साली लंडनच्या सलग वस्तीची लोकसंख्या भरली सुमारे ९८ लाख, आणि पॅरिसची १ कोटी ५ लाख. पॅरिस पुढे गेले! क्षेत्रफळातही लंडनची सलग वस्ती सुमारे १७३८ चौरस किलोमीटर, तर पॅरिसची सुमारे २८४५.

इथेही सावध राहायला हवे. इंग्लंडमध्ये हे मोजमाप करताना प्रत्यक्ष बांधकाम झालेली जमीन तेवढी धरली होती. फ्रान्समध्ये गावाची निम्म्याहून अधिक माणसे सलग वस्तीत राहत असतील तर ते गाव त्याच्या शेतांसकट आणि रानांसकट शहरात जमा होते. दंडक दिसायला एकच, पण पट्टी वेगळी. म्हणून क्षेत्रफळाच्या या दोन आकड्यांची तुलना जपून करावी. लोकसंख्येची मात्र बऱ्याच अंशी चालते.

तिसरी रीत आहे ती माणसांच्या रोजच्या येण्याजाण्याची. एखाद्या गावातील कामकरी माणसांपैकी किमान १५ टक्के माणसे रोज मोठ्या शहराकडे कामाला जात असतील, तर ते गाव त्या शहराच्या प्रभावक्षेत्रात धरावे, असा फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेचा नियम आहे. या नियमाने पॅरिसचे क्षेत्र जवळजवळ १९,००० चौरस किलोमीटर होते आणि त्यात १ कोटी ३० लाखांहून अधिक माणसे राहतात. लंडनचेही असेच आहे. तिकडे ब्रायटन, रीडिंग, केंब्रिज अशा दूरदूरच्या गावांहून माणसे सकाळची गाडी पकडून लंडनला कामाला येतात आणि संध्याकाळी परततात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जनगणना माणसाला मोजते ती त्याच्या राहत्या घरी, म्हणजे तो जिथे झोपतो तिथे. लंडनच्या पोटातील ‘सिटी’ ही जुनी नगरी केवळ २.९ चौरस किलोमीटरची आहे. २०२१ मध्ये तिथले रहिवासी होते सुमारे ८६००. पण बँका, विमा कंपन्या आणि कचेऱ्या यांच्यामुळे तिथे काम करणाऱ्यांची संख्या सहा लाखांहून अधिक आहे. रात्रीच्या शिरगणतीत खेडे आणि दिवसाच्या गर्दीत महानगर, असा हा प्रकार.

काळाचाही प्रश्न असतो. पॅरिस नगरीत सर्वांत जास्त माणसे कधी राहत होती? आज नव्हे, १९२१ साली. तेव्हा तिथे २९ लाख माणसे होती. पुढे कुटुंबे लहान झाली, घरांच्या जागी कार्यालये आली, भाडी वाढली आणि माणसे वेशीबाहेर गेली. शंभर वर्षांत जवळजवळ आठ लाख माणसे कमी झाली, पण तेवढ्याच काळात वेशीबाहेरचे पॅरिस कितीतरी पटींनी फुगले. लंडनमध्ये १९३९ साली आजच्या हद्दीत सुमारे ८६ लाख माणसे होती. मग महायुद्ध आले. युद्धानंतर शहराबाहेर नवी नगरे वसवण्यात आली, कारखाने हलले आणि १९८१ पर्यंत आकडा ६८ लाखांवर उतरला. १९३९ चा उच्चांक लंडनने पुन्हा ओलांडला तो २०१५ साली. म्हणजे कोणत्या वर्षीची तुलना, हेही सांगावेच लागते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. या दोन राजधान्यांच्या वेशी इतक्या वेगळ्या जागी का पडल्या? त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

पॅरिसची वेस ही मुळात तटबंदी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस शहराभोवती एक भिंत उभारली गेली, ती शत्रूसाठी नव्हे तर जकातीसाठी. आत येणाऱ्या मालावर नाक्यानाक्यावर कर घेतला जाई. पुढे १८४१ ते १८४४ या काळात तिच्या बाहेर संरक्षणासाठी दुसरा तट बांधला गेला. या दोन भिंतींच्या मध्ये माँमार्त्र, बेलव्हिल, पासी अशी गावे होती. १८६० साली ती सगळी पॅरिसमध्ये विलीन करण्यात आली आणि शहराचे १२ प्रभाग होते त्यांचे २० झाले. १९१९ पासून तो बाहेरचा तटही पाडायला सुरुवात झाली. १९२९ साली ती दोन वने हद्दीत आली आणि त्यानंतर पॅरिसची वेस जवळजवळ हललेलीच नाही. तट गेला, पण त्याच पट्ट्यात १९७३ साली पेरिफेरिक रस्ता पूर्ण झाला आणि वेशीवरची भिंत दुसऱ्या रूपाने कायम राहिली.

लंडनला आधुनिक काळात असा तट नव्हता. १८६३ मध्ये तिथे जगातील पहिली भुयारी रेल्वे धावली. रेल्वेच्या रुळांबरोबर वस्ती पसरत गेली. १८८९ साली ‘लंडन काउंटी’ स्थापन झाली ती सुमारे ३०० चौरस किलोमीटरची. पण शहर तिच्या बाहेर केव्हाच गेले होते. एक उदाहरण आपल्या जवळचे देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत लंडनमध्ये ज्या घरात राहत होते आणि जे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, ते किंग हेन्रीज रोडवरचे घर त्या जुन्या लंडन काउंटीत येत होते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ, ज्याची स्थापना १९३२ ची, त्याची आजची वास्तू मात्र डॉलिस हिल भागात आहे, आणि तो भाग १९६५ पूर्वी सरकारी कागदांवर लंडनमध्ये नव्हताच; तो मिडलसेक्स काउंटीत होता. मिडलसेक्स हे नाव आता आपल्या कानावर पडते ते क्रिकेटमुळे. दोन्ही जागांमध्ये अंतर काही किलोमीटरचे, पण मोजणीच्या वहीत एक लंडन आणि दुसरे लंडनबाहेर.

हे चित्र बदलले ते १९६३ च्या कायद्याने. १ एप्रिल १९६५ रोजी ग्रेटर लंडन अस्तित्वात आले, मिडलसेक्सचा कारभार संपला, आणि लंडनचे क्षेत्रफळ एका दिवसात पाचपट झाले. या मोठ्या लंडनभोवती आधीच हरित पट्टा आखलेला होता, तिथे नवे बांधकाम सहसा होऊ दिले जात नाही. त्यामुळे लंडनची वेस आणि सलग वस्तीची कड या दोन गोष्टी बऱ्याच ठिकाणी जुळतात.

आता योगायोग पाहा. लंडनने आपली उपनगरे पोटात घेण्याचा कायदा केला १९६३ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, फ्रान्सने उलट निर्णय घेतला. तोपर्यंत पॅरिस आणि त्याची जवळची उपनगरे ‘सेन’ या एकाच जिल्ह्यात होती. नव्या कायद्याने तो जिल्हा मोडला, आणि १९६८ पासून पॅरिस वेगळा जिल्हा व सभोवतीची उपनगरे तीन वेगळ्या जिल्ह्यांत अशी वाटणी झाली. एकाच दशकात एका राजधानीने रेघ पुसून बाहेर काढली आणि दुसरीने ती अधिक ठळक केली. आज आपण लंडन चौपट मोठे म्हणतो, त्याच्या मुळाशी हे दोन कायदे आहेत. माणसांची संख्या त्यामानाने फार वेगळी नाही.

तुम्ही म्हणाल, रेघ इकडे असली काय नि तिकडे असली काय, माणसे तर तीच! पण रेघेवर बरेच काही अवलंबून असते. कर कुठे भरायचा, शाळा आणि घरे कुणी बांधायची, मत कुणाला द्यायचे, बस आणि रेल्वे कुठवर न्यायची, हे त्या रेघेने ठरते.

२००५ च्या ऑक्टोबरअखेर पॅरिसच्या पूर्वेकडील क्लिशी-सू-ब्वा या गावात पोलिसांपासून पळून विजेच्या उपकेंद्रात शिरलेल्या दोन किशोरवयीन मुलांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. त्यातून जो उद्रेक झाला तो जवळजवळ तीन आठवडे चालला आणि देशभर पसरला. सरकारला आणीबाणी पुकारावी लागली. त्यामागे पोलिसांवरचा अविश्वास होता, बेकारी होती, वंशभेदाची तक्रार होती. पण भूगोलाचा शिक्षक म्हणून माझे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. हे गाव पॅरिसच्या मध्यापासून अवघ्या पंधरा किलोमीटरवर, तरी त्याला रेल्वेचे स्थानक नव्हते. राजधानीत कामाला जायचे तर बस आणि मग गाडी, आणि त्यात तासाहून अधिक वेळ मोडे. लंडनच्या मध्यापासून पंधरा किलोमीटरवर तुम्ही अजून लंडनमध्येच असता. क्लिशीला ट्राम पोहोचली ती २०१९ च्या डिसेंबरात.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिस नगरीने मोठ्या, जड मोटारींच्या पार्किंगचे शुल्क तिप्पट करावे का, यावर नागरिकांचा कौल घेतला. मत द्यायला आले केवळ सहा टक्क्यांच्या आसपास मतदार, आणि त्यांच्यापैकी ५४ टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. मध्यवर्ती भागात दर ठरला ताशी १८ युरो. पण पॅरिसच्या रहिवाशांना आपल्या घराजवळ हे शुल्क नाही. ते पडणार होते मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांवर, आणि त्यांना मत नव्हते. प्रदूषण कमी व्हावे हा हेतू चांगलाच, पण निर्णय घेणारे रेघेच्या आत आणि पैसे भरणारे बाहेर, असे झाले की कुरकुर होतेच.

लंडनची मोठी रेघ हा प्रश्न संपवते, असेही नाही. २००० सालापासून तिथे सगळ्या ग्रेटर लंडनचा एक महापौर थेट निवडून येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांवरचा दैनिक १२ पौंड ५० पेन्सचा आकार संपूर्ण ग्रेटर लंडनला लागू झाला. तेव्हा बाहेरच्या चार बरोंबरोबर वेशीपलीकडची सरे काउंटीही न्यायालयात गेली, आणि हरली. सरेतील माणसे रोज लंडनमध्ये येतात, पण लंडनच्या महापौरासाठी त्यांना मत नाही. रेघ कुठेही ओढली तरी तिच्या पलीकडे कुणीतरी राहतेच. फरक एवढाच की लंडनमध्ये ती माणसे थोडी आहेत आणि पॅरिसमध्ये ती आतल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

पॅरिसलाही हे उमगले आहे. २०१६ साली पॅरिस आणि भोवतालची सव्वाशेहून अधिक गावे मिळून एक महानगर संस्था स्थापन झाली: क्षेत्रफळ सुमारे ८१४ चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे ७० लाख. तिच्या हाती अधिकार मर्यादित आहेत. पण त्याहून मोठे काम रुळांवर चालले आहे. ‘ग्रां पारी एक्सप्रेस’ या योजनेत सुमारे २०० किलोमीटरचे नवे मेट्रोमार्ग आणि ६८ स्थानके आहेत, आणि बहुतेक मार्ग एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जाणारे आहेत. १४ क्रमांकाचा मार्ग २०२४ मध्ये ओर्ली विमानतळापासून सँ-दनीपर्यंत सलग झाला. योजनेत क्लिशीचेही स्थानक आहे. कायद्याने जे वेगळे केले ते रेल्वेने जोडण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

मग लंडन मोठे की पॅरिस? नगरीपुरते पाहाल तर लंडन, आणि तेही बरेच. सलग वस्ती पाहाल तर दोन्ही जवळपास सारखी, पॅरिस किंचित पुढे. दाटी पाहाल तर पॅरिस निर्विवाद. यापुढे वर्तमानपत्रात कोणत्याही दोन शहरांची तुलना वाचाल, तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारा. शहराची वेस कुठे धरली आहे? आकडा कोणत्या वर्षीचा आहे? आणि माणसे मोजली ती रात्री झोपणारी की दिवसा राबणारी? या तिन्हींची उत्तरे मिळाली की आकडा खरोखर काहीतरी सांगू लागतो. आणि जमले तर चौथाही प्रश्न विचारा: त्या वेशीला लागून पलीकडे कोण राहते, आणि त्यांना गावात यायला किती वेळ लागतो?